हजार रुपयांत हात कसे सांभाळायचे? (घरगुती लाकूडकाम)

मिठागर (शिरोडा)

नमस्कार मंडळी. मी शिरोड्याला असते. आमचं छोटंसं होमस्टे आहे, त्यातून वेळ काढून गेल्या गणपतीनंतर मागच्या पडवीत लाकूडकाम सुरू केलंय. सासऱ्यांची हत्यारं माळ्यावर पडून होती: दोन पटाश्या (लाकूड कोरायच्या सपाट धारेच्या छिन्न्या), एक रंधा, हातकरवत, वाकस. ड्रिल, चार इंची ग्राइंडर आणि छोटं सँडर मी नंतर घेतलं. पहिली वस्तू केली ती फणसाच्या लाकडाची आडाळी (विळी), सासूबाईंसाठी. पुण्याच्या एका पाहुण्यांनी ती बघून तशीच दुसरी मागितली आणि मग मी थांबलेच नाही. आता माडाच्या लाकडाचे ट्रे आणि किल्ल्या अडकवायचे मासे करते.

काम आवडतंय, पण हातांची दशा झालीय. माडाची बारीक काळी कुसळं बोटांत शिरतात ती दोन-दोन दिवस सापडत नाहीत. डाव्या अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या मधे पटाशी लागून कापलंय. ते भरत आलं असं वाटतं तोवर बांगडे साफ करायला बसलं की मीठ आत जातं आणि डोळ्यांतून पाणी येतं. थिनरने हात धुवून धुवून बोटांची टोकं फुटलीत, भाकरी थापताना पीठ त्या भेगांत बसतं.

या महिन्यात हातांसाठी हजार रुपये बाजूला काढलेत. ऑनलाइन ‘कापत नाहीत’ असे हातमोजे साडेतीनशेला दिसतात. तेच घ्यावेत का? की आणखी महाग? पावसाळ्यात घामाने हातमोजा आत ओलाच राहतो, त्याचं काय करता? आणि ग्राइंडरला लावायला लाकूड कापायचं 40 दाती पातं आणलंय. ते वापरताना कुठला हातमोजा घालायचा तेही सांगा.

सुरमई_तवा (मालवण)

ताई, बिनधास्त घ्या. आम्ही जाळी ओढताना तळव्याला रबर लावलेले विणलेले हातमोजे वापरतो, पकड छान बसते. मी तर घरी ड्रिल मारतानाही तेच घालतो. एकच जोड सगळ्या कामाला पुरेल.

पाचर (देवगड तालुका)

ताई, रात्री जेवण झाल्यावर तुमचा प्रश्न वाचला आणि लगेच लिहायला बसलो. मी सुताराच्या घरातला, वय 61. आजोबा, वडील आणि मी, तिघांचेही हात याच कामात गेले. सुरमईवाल्या भावाचं जाळ्याबद्दलचं म्हणणं बरोबर आहे, पण ड्रिलबद्दलचं मुळीच नाही. त्याच्याकडे मी येतो.

आधी माझ्या अंगठ्याची गोष्ट सांगतो, कारण तुमची जखम जिथे आहे तिथेच माझीही आहे. 1996 चे गणपती. आठवडा राहिला होता आणि सात पाट, दोन चौरंग द्यायचे बाकी होते. चौरंगाच्या पायाला कुसू (खाचेत बसणारं टोक) काढत होतो. पाय लहान, म्हणून तो डाव्या मुठीत धरला आणि उजव्या हाताने इंचाची पटाशी पुढे रेटत होतो. पटाशीला चार दिवस धार लावलेली नव्हती, कोण लावतो गणपतीच्या घाईत. बोथट हत्याराला जोर जास्त लागतो. मी खांद्यातून जोर दिला, गाठीपाशी ती अडली, मग एकदम सुटली आणि अंगठ्याच्या बुडात गेली. पाच टाके पडले. जखम महिन्यात भरली, पण आतली शीर तुटली ती तुटलीच. आजही त्या अंगठ्याच्या आतल्या बाजूला बटाट्याची फोड गरम आहे की गार ते कळत नाही.

वडील टाके बघून फक्त एवढंच म्हणाले, “डावो हात खंय आसा तो बघ आधी, मगे जोर लाव.” तेव्हा मला ते टोचलं होतं. आता रोज सकाळी पहिली पटाशी हातात घेतली की मी तेच करतो, डावा हात कुठे आहे ते बघतो.

म्हणून तुमच्या हजारातले पहिले पैसे हातमोज्यांना घालू नका. आधी असं करा की लाकूड धरायला हात लागायलाच नको. चार इंची जी-क्लॅम्प (लाकूड बाकड्याला आवळून धरायचे शिकंजे) दोन घ्या. मी गेल्या वर्षी कणकवलीच्या बाजारात एकेक 180 ला घेतला. टेबल नसेल तर जुना जड पाट किंवा बाकडं चालेल, फक्त हलता कामा नये.

आणि एक वस्तू फुकटात होते ती आजच करा. फणसाची किंवा कसलीही सपाट फळी घ्या, साधारण दहा इंच लांब, आठ इंच रुंद. तिच्या एका टोकाला वरच्या अंगाने आडवी पट्टी मारा आणि दुसऱ्या टोकाला खालच्या अंगाने. खालची पट्टी बाकड्याच्या कडेला अडते. वरच्या पट्टीला तुमचं लाकूड टेकतं. करवत मारा, पटाशी मारा, जोर पुढे जातो आणि लाकूड पट्टीवर दाबलं जातं, तुमच्या हातावर नाही. डावा हात मग कुठे ठेवायचा? पटाशीवरच. उजव्या हाताने मूठ धरायची, डाव्याने पात्याचा मधला भाग वरून धरून दिशा द्यायची. दोन्ही हात धारेच्या मागे. धारेच्या पुढे शरीराचा कुठलाच भाग नको, मांडीही नको, पायही नको. आपल्याकडचे सुतार जमिनीवर बसून पायाच्या बोटांनी लाकूड दाबून काम करतात. मीही ते वीस वर्षं केलं. त्यातल्या किती जणांच्या पायांवर वण आहेत ते मला माहीत आहे. नवीन शिकणाऱ्याने ती सवय उचलू नये.

दुसरा खर्च धार लावायच्या दगडाचा. दोन बाजूंचा, एक खरखरीत आणि एक बारीक, असा कार्बोरंडमचा दगड मला 160 ला मिळाला. सासऱ्यांच्या पटाशीला जो उतार मूळचा असेल, बहुतेक 25 अंशांच्या आसपास, तोच धरून घासा. दगडावर पाणी टाका, पटाशीचा उतार पूर्ण टेकवा आणि मनगट न हलवता पुढेमागे. पाठीकडच्या बाजूला बोट फिरवलं की बारीक कड हाताला लागते, तिला आम्ही भुरी म्हणतो. मग पाठ दगडावर सपाट ठेवून ती काढा आणि शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर दहा वेळा मागे ओढा. धार अंगठ्याने तपासू नका. वर्तमानपत्राचा तुकडा हवेत धरून कापून बघा. समुद्रकाठी हत्यार रात्रीत तांबारतं, म्हणून काम झालं की खोबरेल तेलाचं बोट पात्यावरून फिरवून ठेवा. गंजलेली धार म्हणजे परत बोथट धार.

आता हातमोजे. हातमोजा कधी घालायचा ते लाकूड सांगतं आणि कधी काढायचा ते यंत्र. फळ्या उचलताना, माडाचं लाकूड हाताळताना, रंधा मारायच्या आधीचं खडबडीत लाकूड चाचपताना हातमोजा हवाच. माडाच्या लाकडातले ते काळे धागे सुईसारखे कडक असतात, साध्या लाकडाच्या सलीसारखे वाकत नाहीत. त्याला तळव्यावर रबराचा थर असलेले हातमोजे घ्या, शंभर-सव्वाशेला मिळतात. घासकामाला रबरी ठिपक्यांचे सुती दोन जोड, साठेक रुपये. एक वापरा, दुसरा वाळत घाला. पावसात चुलीजवळ दोरीवर टाकला की सकाळपर्यंत सुकतो. ओला हातमोजा मात्र घालू नये, बोटांची कातडी मऊ पडते आणि कुसळ सहज शिरतं.

त्या साडेतीनशेच्या हातमोज्यावर ढाल आणि तिच्यात हातोडी असं चिन्ह असेल, जवळ ईएन 388 (हातमोज्यांचं युरोपीय मानक) लिहिलेलं. खाली चार आकडे असतात: घासणं, कापणं, फाटणं, टोचणं, या क्रमाने. दुकानदार फक्त दुसरा, कापण्याचा आकडा दाखवतो, कारण तो मोठा असतो. तुम्ही चौथा बघा. पटाशीचा कोपरा कापतो कमी आणि घुसतो जास्त, आणि विणलेल्या हातमोज्यातून टोक आत जातं. कोरीव चाकूने मासे तासता तेव्हा डाव्या हातात असा हातमोजा चांगला. फिरत्या पात्यापुढे तो काहीही करत नाही.

भावा, ड्रिलचं ऐक. 2009 साली आमच्या ओळखीच्या एका कारखान्यात एक पोरगा सुती हातमोजा घालून ड्रिल मारत होता. तर्जनीच्या टोकाचा एक धागा सुटलेला होता. तो धागा फिरत्या बिटाभोवती गुंडाळला गेला आणि त्याच्यामागून हातमोजा, हातमोज्यामागून बोट. बटण सोडेपर्यंत झालं ते झालं होतं. बोट वाचलं, नख मुळापासून गेलं. उघडा हात बिटाला घासला तर खरचटतो आणि आपण मागे घेतो. हातमोजा मागे घेऊ देत नाही. ड्रिल, लेथ, दातेरी पातं यांच्याजवळ हातमोजा नाही, ओढणी नाही, मोकळे केस नाहीत. ताई, बांगड्या आणि अंगठीही काढून डब्यात ठेवा. अंगठी अडकली तर बोटाची कातडी सोलून नेते.

आणि ते 40 दाती पातं. त्याला कुठला हातमोजा असं विचारलंत. कुठलाच नाही, ते पातं लावूच नका. चार इंची ग्राइंडर मिनिटाला अकरा हजारांच्या घरात फिरतो, म्हणजे सेकंदाला 180 हून जास्त फेऱ्या. तो धातू घासायला आणि कापायला बनवलाय. त्यावर दातेरी पातं लावलं की एखादा दात गाठीत किंवा ओल्या लाकडात अडकतो आणि अख्खं यंत्र तुमच्याकडे उसळतं. कापलेलं लाकूड पात्याला आवळू नये म्हणून मोठ्या करवत यंत्राला मागे एक पट्टी असते, तीही यात नाही. वर बरेच लोक गार्ड (पात्यावरचं संरक्षक झाकण) आड येतो म्हणून काढून टाकतात. मनगट, मांडी, गळा, कुठे जाईल सांगता येत नाही. माझ्या ओळखीत दोन हात असे गेलेत. घासायची चकती लावून ग्राइंडर वापरा: गार्ड जागेवर, बाजूची मूठ लावलेली, दोन्ही हात यंत्रावर, लाकूड क्लॅम्पमधे. तिथे घट्ट बसणारा चामडी हातमोजा चालतो. कापायचं लांब काम सॉ मिलवर न्या. एवढ्या रुंदीच्या, एवढ्या जाडीच्या पट्ट्या काढून द्या म्हटलं की पाच मिनिटांत देतात. उरलेलं तुमची हातकरवत करेल.

हिशेब सांगतो. क्लॅम्प 360, दगड 160, दोन्ही प्रकारचे हातमोजे 180, मेडिकलमधली कापडी चिकटपट्टी 50. साडेसातशे झाले. अडीचशे सॉ मिलला.

ती चिकटपट्टी विसरू नका. काचकागद घासताना अंगठा, तर्जनी, मधलं बोट यांच्या टोकांना दोन वेढे द्या. काचकागद बोटांनी धरण्यापेक्षा जुन्या स्लिपरच्या तळाचा तुकडा कापून त्याभोवती गुंडाळा. हाताला आराम पडतो आणि लाकूडही सपाट घासलं जातं.

काजूबी (वेंगुर्ला)

मी तेरा वर्षं काजू फोडायच्या कामाला होते. काजूच्या टरफलातला चीक हाताला लागला की कातडी जळून काळी पडते, सोलून निघते. आम्ही बायका हाताला आधी तेल आणि वर चुलीची राख लावून बसायचो. राख संपली की परत. हे इथे एवढ्यासाठी सांगते की कुणी ताजं काजूचं लाकूड फुकट मिळालं म्हणून सोलायला घेतलं तर सालीखालचा चीक तसाच पोळतो. आंब्याच्या ओल्या लाकडाचा चीकही काहींना उठतो. ही लाकडं सावलीत पूर्ण सुकल्याशिवाय हात लावू नका आणि साल काढताना लांब बाह्या आणि रबरी हातमोजे घाला.

मिठागर ताई, थिनरने हात धुणं आजपासून बंद. ऑइल पेंट हाताला लागला तर आधी खोबरेल तेल चोळा, जुन्या फडक्याने पुसा, मग साबण. भेगांना रात्री कोकमाचं तेल लावा, आमच्याकडे त्याचे मुठीत वळलेले गोळे मिळतात, त्याला मुठेल म्हणतात. गोळ्याचा कपचा काढून दिव्यावर पळीत पातळ करा, सोसवेल इतका कोमट असताना भेगेत भरा आणि वर जुने सुती मोजे हातात घालून झोपा. चार रात्रींत फरक दिसेल. सकाळी कामाला बसण्याआधी मात्र हात साबणाने धुवा, तेलकट हातातून पटाशी सुटते.

पांढरा_चाफा (रत्नागिरी)

मी अपघात विभागात परिचारिका आहे, बावीस वर्षं झाली. पाचरकाकांनी कापू नये म्हणून काय करायचं ते सांगितलंय. कापलं तर काय, ते मी सांगते. हे पडवीतल्या भिंतीवर लिहून लावा.

रक्त आलं की स्वच्छ कापड दाबा आणि हात छातीच्या वर धरा. घड्याळ लावून दहा मिनिटं. मधे उचलून बघायचं नाही, बघितलं की गोठत आलेलं परत सुटतं. हळद, कॉफी, चुना, तंबाखू काही भरायचं नाही. डॉक्टरांना ते सगळं खरवडून काढावं लागतं आणि तेव्हा माणूस जास्त ओरडतो.

रक्त थांबलं की दोन गोष्टी तपासा. प्रत्येक बोट प्रत्येक सांध्यात वाकतं आणि सरळ होतं का? आणि बोटाच्या टोकाला दोन्ही कडांना स्पर्श कळतो का? यातलं एक जरी होत नसेल तर जखम छोटी दिसली तरी त्याच दिवशी हाताच्या शस्त्रक्रियेची सोय असलेल्या ठिकाणी जा. ताई, तुमच्या बाजूचे रुग्ण बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजला जातात. काकांच्या अंगठ्यासारखी शीर वेळेत जोडता येते. महिन्यानंतर ते फार कठीण होतं.

बोटाचा तुकडा वेगळा झाला तर तो टाकू नका. स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा, आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. तुकडा थेट बर्फावर नको, गोठून मरतो.

धनुर्वाताचं इंजेक्शन दहा वर्षांतून एकदा. जखम खोल किंवा मातीशेणाची असेल आणि आधीच्या इंजेक्शनला पाच वर्षं उलटली असतील तर परत घ्यावं लागतं. सासऱ्यांची गंजकी हत्यारं आणि मागची पडवी, म्हणजे गोठा जवळच असणार. तुमचं शेवटचं कधी झालं ते आजच आठवा.

कुसळासाठी साबणाने हात धुवा, बारीक चिमटा स्पिरिटने पुसा आणि ज्या बाजूने शिरलं त्याच बाजूने ओढा. कातडी दाबून बाहेर काढायचा प्रयत्न केला की माडाचा धागा आत तुटतो. आणि झटपट चिकटणारा गोंद वापरत असाल तर सुती हातमोजा काढून ठेवा. तो गोंद सुतावर सांडला की एकदम तापतो, चटका बसलेली बोटं मी पाहिलीत.

सुरमई_तवा (मालवण)

काका, धागा सुटलेला माझाही हातमोजा आहे. आज ड्रिलच्या डब्यातून काढून होडीत नेऊन ठेवला.

मिठागर (शिरोडा)

तीन आठवड्यांनी लिहितेय. पट्ट्यांची फळी त्याच दिवशी केली. पहिल्यांदा पटाशी मारताना डावा हात सवयीने लाकडाकडे जात होता, तो परत उचलून पात्यावर ठेवावा लागत होता. चौथ्या दिवशी आपोआप तिथे जायला लागला. दगडावर धार काढायला एक अख्खी दुपार गेली, पण आता फणसाची ढलपी पापडासारखी वळून निघते आणि जोर लागतच नाही. पातं नवऱ्याने दुकानात परत दिलं. धनुर्वाताचं इंजेक्शन माझं 2011 नंतर झालंच नव्हतं, ते आरोग्य केंद्रात घेतलं. मुठेल सासूबाईंच्याच फडताळात होतं, भेगा मिटल्या. परवा बांगडे साफ केले, काही झोंबलं नाही.

एक अडचण उरलीय. किल्ल्यांचे मासे जेमतेम तीन इंचांचे. इतका छोटा तुकडा क्लॅम्पमधे धरला की मासाच झाकला जातो, काम करायला जागा उरत नाही. हातात धरला तर परत तेच. काय करू?

पाचर (देवगड तालुका)

मासा आधी कापूनच घेऊ नका ताई. दोन फुटांची पट्टी घ्या, तिच्या एका टोकाला मासा आखा, तोंड बाहेरच्या बाजूला. पट्टीचा उरलेला भाग बाकड्यावर दोन्ही क्लॅम्पखाली. ड्रिलने डोळा पाडा, कडा तासा, खवले कोरा, काचकागद मारा, सगळं तिथेच. मासा पूर्ण होईपर्यंत शेपटीपाशी पट्टीला जोडलेला राहू दे. शेवटी करवतीने शेपूट सोडवा, तेवढीच एक कड घासायची उरते. मग पट्टी पुढे सरकवा आणि दुसरा मासा आखा. पट्टी आठ-नऊ इंचांवर आली की थांबा, तो तुकडा धरायला लागतो, त्यातून मासा काढायचा मोह करू नका.